अंगणात आर्टिफिशियल ग्रास टाकावं का? (नाशिक, गंगापूर रोड, ऊन भरपूर, पाणी कमी)

अंगणवाली_गंगापूररोड

नमस्कार मंडळी. आमचं गंगापूर रोडला रो-हाऊस आहे, पुढे साधारण 400 स्क्वेअर फूट मोकळी जागा, तिथे सासऱ्यांनी हौसेने लॉन लावलं होतं. ते गेल्यापासून त्याच्याकडे बघणारं कोणी नाही, मी सकाळी ऑफिसला जायच्या आधी पाईप सोडून देते तेवढंच. आता एप्रिल चालू आहे आणि बोअरचं पाणी अर्ध्यावर आलंय, लॉनला मध्ये मध्ये टक्कल पडलंय, एका कोपऱ्यात लव्हाळा, एका कोपऱ्यात नुसती धूळ. नवरा म्हणतो एकदाचं आर्टिफिशियल टाकून मोकळे होऊ. कोटेशन आलंय 35 एमएम उंचीच्या पातीचं, खालचं काम धरून 110 रुपये स्क्वेअर फूट, म्हणजे 44 हजार. मुलगा सहा वर्षांचा आहे, दिवसभर अंगणात पडीक असतो, एक कुत्रा पण आहे. सासूबाईंचा मात्र ठाम नकार. त्यांचं म्हणणं एवढंच की गणपतीत 21 दूर्वांच्या जुड्या मी प्लास्टिकच्या वाहू का? मला खरंच कळत नाहीये, कोणी घरी टाकलंय का? फोटोत तर सगळंच छान दिसतं.

गच्चीवरची_बाग

मी टाकलंय, चार वर्षं झाली, आणि मला अजिबात पश्चात्ताप नाही. पण माझी जागा म्हणजे इंदिरानगरच्या फ्लॅटची उत्तरेकडची बाल्कनी, 60 स्क्वेअर फूट, ऊन सकाळी जेमतेम तासभर येतं. तिथे खरं गवत जगलंच नसतं, दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा पिवळं पडून मेलं. आता संध्याकाळी चहा घेऊन बसते, आठवड्यातून एकदा केरसुणी उलट्या दिशेने फिरवायची म्हणजे पाती उभी राहतात. पावसाळ्यात कडेला थोडं शेवाळ येतं तेवढं घासावं लागतं. तुमच्या 400 फुटांच्या उघड्या अंगणाला मात्र मी छातीठोकपणे हो म्हणणार नाही.

सिडकोकर

हो म्हणू पण नका 😄 आम्ही हौसेने अंगणात टाकलं होतं, अनुभव सांगतो. पहिला उन्हाळा आला तोपर्यंत सगळे कौतुक करत होते, मग एक दिवस मुलगी दुपारी अनवाणी बाहेर पळाली आणि किंचाळत परत आली, पाय लाल. माझ्याकडे कामाच्या निमित्ताने इन्फ्रारेड थर्मामीटर असतो, तो आणून दोन वाजता मारला तर टर्फवर 66 डिग्री आणि शेजारच्या घरच्या साध्या हरळीवर 38, मध्ये फक्त एक कंपाउंडची भिंत. खरं गवत मुळातून पाणी ओढून पानातून हवेत सोडतं त्यात ते थंड राहतं, प्लास्टिक बिचारं काय सोडणार, नुसतं तापत राहतं. पाणी मारलं की गार होतं पण अर्ध्या तासात पुन्हा तेच, म्हणजे पाणी वाचवायला टाकलं आणि तापलं म्हणून पाणी मारतोय असा कारभार. मग दिवाळीत भुईनळ्याच्या ठिणग्यांनी सात-आठ भोकं पडली. कापून नवीन तुकडे बसवले तर जुनं उडालेल्या रंगाचं आणि नवीन पोपटी, चट्टेपट्टेवाल्या मांजरासारखं दिसतं आता. आणि कुत्रा आहे म्हणालात ना, ते तर विसराच. लघवी खाली बेसमध्ये मुरत जाते, पावसाळ्याआधी जो वास सुटतो तो पाहुण्यांना सांगावा लागत नाही.

टर्फ_बसवणारा

मी या धंद्यातलाच माणूस आहे त्यामुळे माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही तुमचं तुम्ही ठरवा. वरच्या भाऊंच्या घरी बेस बरोबर केलेला नसणार असं मला वाटतं (उन्हाचं जे सांगितलं ते मात्र खरं आहे, त्याला कुठलाच माल अपवाद नाही). आपल्याकडे काळी माती, ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, तिच्यावर थेट अंथरलं की वर्षभरात खड्डे आणि टेकड्या. तीन-चार इंच माती काढायची, मुरूम टाकायचा, पाणी मारून धुमस करायची (ठोकून घट्ट बसवायचा), वर कच म्हणजे खडीचा बारीक चुरा पसरून लेव्हल, आणि उतार गटारीकडे, दहा फुटाला निदान इंचभर. मग ग्रास, सांध्याखाली टेप आणि अ‍ॅडहेसिव्ह, वरून सिलिका सँड घासून भरायची, म्हणजे पाती उभी राहतात आणि वजनामुळे कडा उचलत नाहीत. बरेच जण सँड टाकतच नाहीत, पैसे मात्र लावतात. घेताना एमएमवर भुलू नका. 40 एमएमचा विरळ माल 25 एमएमच्या दाट मालापेक्षा लवकर झोपतो. उलटा करून मागचे टाके किती जवळ जवळ आहेत ते बघा, पाती चिमटीत धरून ओढा, हातात आली तर उठून चालायला लागा. आणि यूव्हीची, म्हणजे उन्हाने खराब न होण्याची, वॉरंटी कागदावर घ्या, तोंडी सगळे दहा वर्षं सांगतात. गच्चीवर कोणी टाकणार असेल तर खिळे ठोकू देऊ नका, कोबा फुटला की खालच्या खोलीत गळती सुरू.

आता प्रामाणिकपणे: दिवसभर ऊन, लहान मूल आणि कुत्रा, तिन्ही एकत्र असतील तर मी स्वतः गिऱ्हाईकाला दोनदा विचार करायला सांगतो. दुकानातून फूटभर सॅम्पल आणा, फुकट देतात, आणि दुपारी एक ते तीन अंगणात टाकून ठेवा. मग माझ्याशी बोला.

द्राक्षवाला_निफाड

ही चर्चा वाचून गंमत वाटली. ज्या हरळीला आम्ही बापजाद्यापासून खणून काढतोय, कुळव मारून मारून बैल थकले, ट्रॅक्टर थकला, ती तुम्ही नर्सरीतून पैसे देऊन आणता आणि वरून ती जगत नाही म्हणता. ताई, हरळी मरत नसते. हरळी म्हणजेच दूर्वा, सासूबाईंना सांगा. लॉनवाले जे सिलेक्शन वन म्हणून विकतात ते पण तिच्याच जातीतलं निवडलेलं वाण आहे.

आणि लव्हाळ्यासाठी प्लास्टिक टाकणार असाल तर मुळीच टाकू नका. आमच्याकडे टोमॅटोला मल्चिंग पेपर टाकतो, लव्हाळा तो पेपर सुईसारखा भोसकून वर येतो. गाठी खणून काढल्याशिवाय तो जात नाही, वरून उपटला तर एकाचे चार होतात. तुमच्या त्या ग्रासच्या भोकातून पण येणार, मग त्या हिरव्या प्लास्टिकात खरं हिरवं शोधत बसा.

गोदाकाठ

मी जरा वेगळ्या बाजूने लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा. हे प्लास्टिकचं गवत प्रसिद्ध कसं झालं ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेत ह्युस्टनला 1965 मध्ये ॲस्ट्रोडोम नावाचं छप्पर असलेलं स्टेडियम उघडलं, बेसबॉलसाठी. छप्पर पारदर्शक होतं म्हणजे आत खरं गवत वाढावं. पण उंच उडालेला बॉल पकडायला गेलं की त्या चकाकीत दिसेना, म्हणून वरच्या पारदर्शक पॅनल्सना रंग दिला, मग ऊन आत येईना आणि गवत मेलं. 1966 मध्ये तिथे नायलॉनचं गवत अंथरलं, आधी त्याचं नाव केमग्रास होतं, ॲस्ट्रोडोममुळे ॲस्ट्रोटर्फ झालं. म्हणजे ते गाजलंच मुळी ऊन नसलेल्या जागेत. आपण ते नाशिकच्या एप्रिलमध्ये उघड्यावर अंथरतो 🙂

दुसरं, उन्हाने पाती ठिसूळ होतात, तुटतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात ते हिरवे कण गटारीत, तिथून नाल्यात, तिथून नासर्डी नाहीतर थेट गोदावरी. युरोपियन युनियनने 2023 मध्ये मालात मुद्दाम टाकलेल्या मायक्रोप्लास्टिकवर निर्बंध आणले, त्यात टर्फच्या मैदानात भरतात ती रबराची भुकटी पण आहे, तिला 2031 पर्यंतची मुदत दिली. आपल्याकडे तर गल्लोगल्ली बॉक्स क्रिकेटचे टर्फ. आणि टर्फ जुनं झाल्यावर त्याचं करायचं काय? पाती एका प्लास्टिकची, मागची बाजू दुसऱ्या, वर लॅटेक्स किंवा पीयूचा (पॉलीयुरेथेनचा) थर, आत वाळू. भंगारवाला पण हात लावत नाही, मी विचारून बघितलंय.

सिडकोकर

@गोदाकाठ ते सगळं बरोबर आहे हो पण त्यांच्या बोअरला पाणीच नाही त्याचं काय? नदीचं नंतर बघू, आधी ताईंचं अंगण.

गोदाकाठ

पाण्याचाच हिशोब करतो थांबा. 400 स्क्वेअर फूट म्हणजे 37 स्क्वेअर मीटर. एक मिलिमीटर पाणी एका स्क्वेअर मीटरला म्हणजे एक लिटर. भर उन्हाळ्यात लॉनला दिवसाला 5 मिलिमीटर धरा, 37 गुणिले 5, म्हणजे 185 लिटर. हजार लिटरची टाकी पाच दिवस पुरली पाहिजे. ताई तुम्ही पाईप किती वेळ सोडता? एक 15 लिटरची बादली किती सेकंदात भरते ते बघा आणि सांगा.

अंगणवाली_गंगापूररोड

एवढे रिप्लाय बघून बरं वाटलं. तीन दिवस लिहिलं नाही कारण तुम्ही दिलेला होमवर्क करत होते.

बादली 50 सेकंदात भरली. मी पाईप साधारण 40 मिनिटं सोडते (आंघोळ, डबे, मुलाचं आवरणं, तोपर्यंत तो चालूच). आता हिशोब तुम्हीच करा, मला केल्यावर लाज वाटली.

सॅम्पल पण आणलं. दीड वाजता अंगणात ठेवलं, अडीचला मुलाने पाय ठेवला आणि काढला, मग मला म्हणाला आई तू ठेव. मी ठेवला. कुत्र्याने लांबूनच वास घेतला आणि जाऊन मोगऱ्याच्या कुंडीमागे झोपला. नवऱ्याने चप्पल घालून ठेवला आणि म्हणाला ठीक आहे की 🙄

गोदाकाठ

15 लिटर 50 सेकंदात म्हणजे मिनिटाला 18, 40 मिनिटांचे 720 लिटर. गरजेच्या जवळजवळ चौपट! आणि तरी टक्कल पडतंय म्हणजे पाणी एकाच जागी पडून वाहून जातंय नाहीतर जमीन इतकी घट्ट झालीये की मुरतच नाही. काट्याने, म्हणजे शेतातल्या दाताळ्याने, वीतभर अंतरावर भोकं पाडा, त्यात वाळू आणि गांडूळ खत झाडून टाका. शेणखत टाकायचं असेल तर पूर्ण कुजलेलंच, नाहीतर त्यातून तणाचं बी येतं. पाणी रोज थोडं थोडं देण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा पण खोल, आणि पहाटे. कटिंग उन्हाळ्यात अगदी बारीक करू नका, दोन इंच राहू द्या, मातीवर सावली पडते.

गच्चीवरची_बाग

मी एक सुचवू? सगळं 400 फूट लॉनच कशाला पाहिजे? गेटपासून दारापर्यंत जिथे रोज पाय पडतात तिथे शहाबादी फरशीचे तुकडे टाका, मध्ये फटीत हरळी येऊ दे. माझ्या बहिणीने मखमलाबादला असं केलंय. भिंतीच्या सावलीच्या बाजूला बफेलो ग्रास लावलंय, जाड पानाचं असतं, कमी उन्हात तग धरतं. आणि एका कोपऱ्यात जलपिंपळी सोडलीये, जमिनीलगत पसरते, कापावी लागत नाही, छोटी पांढरी-जांभळी फुलं येतात आणि त्यावर फुलपाखरं. फक्त मधमाश्या पण येतात, तुमचा मुलगा अनवाणी फिरतो म्हणून सांगितलं.

टर्फ_बसवणारा

गेलं माझं गिऱ्हाईक 😂 पण फरशीची आयडिया चांगली आहे. खाली मुरूम धुमस करूनच बसवा, ती सवय सोडू नका. आणि घराच्या बाजूने जो गल्लीसारखा बोळ असतो ना, ऊन नसलेला, जिथे काहीच उगवत नाही, तिथे हवं तर माझ्याकडून 80-100 फूट घ्या. त्यात मला पण पाप लागणार नाही.

अंगणवाली_गंगापूररोड

@टर्फ_बसवणारा बोळ आहे! तिथे सध्या सायकली आणि वॉशिंग मशीन आहे. ते नवऱ्याला सांगते, त्याचं पण समाधान होईल.

@गच्चीवरची_बाग फरशी फायनल. सासऱ्यांनी गॅरेजमागे शहाबादीचे उरलेले तुकडे रचून ठेवलेत, इतकी वर्षं मी ते फेकायला सांगत होते.

सासूबाईंना हरळी म्हणजेच दूर्वा हे वाचून दाखवलं तर म्हणाल्या यात नवीन काय, मग इतके दिवस तू काय समजत होतीस. आता प्रश्न एवढाच की टक्कल पडलेल्या जागी पुन्हा तयार लॉनचं कार्पेट विकत आणायचं का, नर्सरीवाल्याचा भाव ऐकून परत यावंसं वाटतं.

द्राक्षवाला_निफाड

आणू नका कुठून. आत्ता उन्हात लावू पण नका, फुकट जाईल. आधी लव्हाळ्याच्या गाठी काढून घ्या, वीतभर खोल, एक पण ठेवू नका. मृग लागला, जमीन ओली झाली, की आमच्या बांधावर या. हरळी पाहिजे तेवढी खणून न्या, तिचे कांडे चार-चार बोटांवर टोचायचे, महिन्याभरात धरतं. पैसे नको, उलट चहा पाजतो, आमची मजुरी वाचेल.

अंगणवाली_गंगापूररोड

सासूबाई पण येणार म्हणतायत, दूर्वा बघून घ्यायच्या आहेत त्यांना. पोती किती आणू?

द्राक्षवाला_निफाड

दोन पुरतील. खुरपं मात्र स्वतःचं आणा, आमची सगळी बोथट झालीत.