अमेरिकेतलं सत्तांतर: अकरा आठवडे कशाला हवेत?

वाटसरू:
मतदान नोव्हेंबरच्या सुरुवातीला, नव्या अध्यक्षाची शपथ २० जानेवारीला दुपारी बाराला. मधे अकरा आठवडे जाणाऱ्या अध्यक्षाच्या हाती सगळे अधिकार. १९३२ मध्ये हूवर हरले, पण रुझवेल्टची शपथ ४ मार्च १९३३ ला. तोवर बँका कोसळत राहिल्या. विसाव्या घटनादुरुस्तीने १९३७ पासून तारीख अलीकडे आणली. आणखी आणा की, १ डिसेंबर! ब्रिटनमध्ये बहुमत स्पष्ट असलं की निकालाच्या दुसऱ्या दिवशी पंतप्रधान बदलतो.

तर्कट:
ब्रिटनमध्ये सचिव कायम राहतात हो. अमेरिकेत सुमारे ४,००० राजकीय नेमणुका, त्यातल्या १,२०० हून अधिक सेनेटच्या मंजुरीच्या. प्रत्येकाची मालमत्ता, एफबीआय तपासणी, सुनावणी. २००० मध्ये फ्लोरिडातल्या मतमोजणीचा वाद १२ डिसेंबरपर्यंत कोर्टात होता. त्यामुळे नेमणुका रखडल्या, हे ९/११ आयोगानेच नोंदवलंय. मुदत कापली की दरवेळी तेच.

वाटसरू:
२०२० मध्ये मुदत पूर्ण होती, तरी जीएसएच्या (विजेत्याला कचेऱ्या आणि निधी देणारी सरकारी संस्था) प्रमुखांचं, मदत सुरू करणारं पत्र २३ नोव्हेंबरला निघालं. माध्यमांनी ७ तारखेला निकाल सांगितला होता. तोवर बायडेनच्या लोकांना ना सरकारी पैसा, ना खात्यांत प्रवेश. म्हणजे जास्त दिवस, जास्त अडवणूक.

खर्डेघाशी:
दोघंही तारखेत अडकलात. ते पत्राचं कुलूप २०२२ च्या कायद्याने सैल केलंय: पाच दिवसांत कुणी हार मानली नाही, तर मदत दोघांनाही. खरी फट उमेदवाराच्या चमूने सरकारशी करायच्या करारांत आहे. जीएसएशी करार १ सप्टेंबरपर्यंत, व्हाइट हाउसशी १ ऑक्टोबरपर्यंत अपेक्षित. २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या चमूने व्हाइट हाउसचा करार २६ नोव्हेंबरला केला, एफबीआय तपासणीचा ३ डिसेंबरला, जीएसएचा केलाच नाही. सरकारी निधी नाकारला की देणगीदारामागे ५,००० डॉलरची मर्यादाही लागू होत नाही! आणि करार नसेल तर खात्यांत पाऊल टाकता येत नाही. उशीर केला म्हणून दंड? शून्य.

तर्कट:
हे पटलं. नियत असली की याच मुदतीत काम नीट होतं. १३ जानेवारी २००९ ला बुश आणि ओबामा यांच्या माणसांनी एकत्र बसून दहशतवादी हल्ल्याची रंगीत तालीम केली होती.

वाटसरू:
आणि अध्यक्षांच्या गुन्हे माफ करण्याच्या अधिकाराचं काय? क्लिंटन यांनी करचुकवेगिरीच्या खटल्यातले फरारी व्यापारी मार्क रिच यांना शेवटच्या दिवशी, २० जानेवारी २००१ ला माफी दिली. मतदारांचा धाक संपलेला असतो.

खर्डेघाशी:
तुमच्या १ डिसेंबरच्या आदल्या दिवशीही दिली असती. शिवाय तारीख असो वा माफीचा अधिकार, बदलायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि ३८ राज्यांची संमती लागते. करारांची सक्ती साध्या कायद्याने होईल. आधी ती करा.