पृथ्वी सूर्यावर पडत का नाही? ‘बलं समान असतात’ हे उत्तर आता बंद करा

किल्ल्याखालचा, सातारा
पुतणी यंदा दहावीला. विज्ञानाचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षण. तिच्या क्लासच्या वहीत वाचलं : ‘सूर्याचं आकर्षण आणि अपकेंद्री बल समान असल्याने पृथ्वी कक्षेत राहते.’ (अपकेंद्री म्हणजे केंद्रापासून बाहेर ढकलणारं.) हे वाक्य शिकवूच नये असं माझं मत. बलं संतुलित असतील तर वस्तू सरळ रेषेत जाते, हे न्यूटनने १६८७ मध्येच सांगून ठेवलंय. मग पृथ्वी वळते कशी?

ती पडतेच आहे. सेकंदाला सूर्याकडे जेमतेम ३ मिलिमीटर. पण तेवढ्यात आडवी ३० किलोमीटर पुढे जाते, म्हणून सूर्य गाठत नाही.

पुतणीला अजिंक्यताऱ्यावर नेलं. म्हटलं, इथून दगड सेकंदाला ८ किलोमीटर वेगाने आडवा फेकला (हवा आणि डोंगर नाहीत, पृथ्वीही स्वतःभोवती फिरत नाही असं धरू), तर पहिल्या सेकंदात ५ मीटर खाली येईल. पण ८ किलोमीटरमध्ये पृथ्वीही ५ मीटर वाकते. सहा सेकंदांत कराड, उंची मात्र तेवढीच! दीड तासाच्या आत मागून येऊन आपल्याच टाळक्यात.

निवृत्त बाई
यवतेश्वरच्या घाटात एसटी वळली की शेजारणीच्या अंगावर कलंडता ना? ते काय खोटं? गोफणीचं उदाहरण देऊन मी वर्षानुवर्षं शिकवलं, मुलांना कळलं.

माणदेशी
बाई, ज्वारी राखताना गोफण लई फिरवलीय. सुटलेला धोंडा बाहेर जात न्हाई, सुटल्या जागी ज्या दिशेनं चालला हुता तिकडंच सरळ जातो. दोरी पाखराकडं रोखून सोडली तर धोंडा भलतीकडंच! एसटीतबी तुम्ही सरळच चाललेल्या असता, वळतीय ती गाडी.

कृष्णाकाठ, सांगली
म्हणून अपकेंद्री बलाला वाळीत टाकू नका. पृथ्वीबरोबर सूर्याभोवती फिरणाऱ्या चौकटीतून, म्हणजे आपणही तिच्यासोबत फिरतोय असं धरून, बघितलं तर ते हिशोबात धरावंच लागतं. इस्रोचं सूर्याचा अभ्यास करणारं यान आदित्य एल-१ जानेवारी २०२४ पासून ज्या बिंदूभोवती घिरट्या घालतंय, तो पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. तिथे सूर्याची ओढ, पृथ्वीची ओढ आणि तुमचं हे ‘खोटं’ बल, तिघांची बेरीज शून्य. इंजिनिअर मंडळी हेच गणित करतात.

किल्ल्याखालचा, सातारा
चौकट सांगून शिकवा, माझी ना नाही. वहीत चौकटीचं नावही नाही. आणि बलं कायम समान असती तर सूर्यापासूनचं अंतर बदललं असतं का? जानेवारीच्या सुरुवातीला १४.७ कोटी किलोमीटर, जुलैत १५.२ कोटी. (जवळ असताना आपल्याकडे थंडी, हा वेगळाच घोळ. त्याचं कारण अक्षाचा कल.)

निवृत्त बाई
अंतराचा मुद्दा बिनतोड, मान्य. पण वर्गात साठ मुलं असतात हो. चौकट समजावेपर्यंत घंटा होते. आधी पृथ्वी पडत नाही एवढं तरी पटू दे.

माणदेशी
पडती, हेच तर पटवायचंय!

किल्ल्याखालचा, सातारा
पुतणी विचारतेय, ‘काका, मार्क कशाला मिळतील?’

निवृत्त बाई
लिही म्हणावं, ‘सूर्याचं गुरुत्वाकर्षण हेच अभिकेंद्री, म्हणजे केंद्राकडे ओढणारं, बल.’ पुढे अपकेंद्रीचा उल्लेख नको. पेपर माझ्याकडे आला असता तर पूर्ण मार्क दिले असते.