लुटीला कोणते विशेषण शोभते? ‘पापाची दौलत’ या पोस्टला उत्तर

शाहूपुरीकर : ऐतिहासिक कादंबरी लिहू पाहणाऱ्यांसाठी काल इथे, आपल्या कोल्हापूरकरांच्या गटात, एक सल्ला आला. लूट आणि पापाची दौलत रंगवताना ‘लखलखती’, ‘डोळे दिपवणारी’, ‘अगणित’, ‘रक्ताळलेली’, ‘शापित’ अशी विशेषणे हाताशी ठेवावीत, असे त्यात सांगितले होते आणि नमुन्यादाखल सुरत, दिल्ली व टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण ही नावे एका ओळीत मांडली होती. दुर्लक्ष करणार होतो, पण राहवले नाही. ही सगळी विशेषणे लुटणाऱ्याच्या डोळ्यांतली आहेत. नादिरशहाने १७३९ साली दिल्लीहून जे मयूरासन नेले, ते १६६५ मध्ये तावर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने औरंगजेबाच्या दरबारात पाहिले होते. त्याने मोठी माणके मोजली, ती सुमारे १०८ भरली आणि त्यांतले सर्वांत लहानही १०० कॅरटचे होते. पाचू सुमारे ११६, रंगाने चांगले, पण त्यांत दोष पुष्कळ, असे तो लिहितो. पाचूंतला दोष वाचला की ते आसन माझ्यासमोर उभे राहते. ‘अगणित रत्ने’ लिहिणाऱ्याने मोजण्याचे कष्ट वाचवले, एवढेच मला कळते.

गुजरीतला सराफ : मोजदाद पावतीवर शोभते, कथेत नव्हे. तावर्निये गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहत होता, म्हणून त्याला दोष दिसले. लुटारूची हाव वाचकाच्या मनातही क्षणभर जागी झाली पाहिजे, तरच पुढे त्याला स्वतःची किळस येईल, आणि त्यासाठी ‘लखलखती’ लागतेच. दुकानात मोड, म्हणजे मोडीचे जुने दागिने, घेऊन येणाऱ्यांपैकी एखाद्याचा माल पाहूनच संशय येतो, हेही सांगून टाकतो. एकदा गळ्यातला एक साज आला होता. पाने एकमेकांवर चेपलेली, फासा उघडण्याऐवजी ओढून तोडलेला आणि कडीत बाईचा लांब केस अडकलेला. मी तो घेतला नाही. यातून तुमच्या बाजूला बळ मिळते हे मला दिसते आहे. उगाच आनंद मानू नका.

रंकाळ्याकाठचा : माणके राहू द्या बाजूला. नादिरशहाच्या ओळीत सुरत कोणी बसवली, त्याने आधी उत्तर द्यावे. शाहिस्तेखानाने पुण्यात तीन वर्षे ठाण मांडून मुलूख उजाड केला, त्यानंतर १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी मुघलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून स्वराज्याचा खर्च वसूल केला. मोहनदास पारेख या दिवंगत दलालाच्या दानधर्माची कीर्ती ऐकून त्याच्या घराला हातही लावला नाही. अशा धनाला ‘पापाचे’ म्हणणाऱ्याला विशेषणांचा नव्हे, इतिहासाचा वर्ग लावण्याची गरज आहे.

पंचगंगेचा घाट : पारेखांचे घर सोडले हे सांगितलेत, मग विरजी व्होराचे सोडले नाही हेही सांगा, तोही व्यापारीच होता, मुघल सरदार नव्हता. मोहिमेमागचे कारण मला मान्य आहे, पण ज्याची पेढी रिकामी झाली तो ‘वसुली’ म्हणाला नसेल. आपली ती स्वारी आणि दुसऱ्याची ती लूट, हा हिशेब फार सोयीचा आहे. १७९१ मध्ये पेशव्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला आणि मठ पुन्हा उभा करण्यासाठी मदत पाठवली ती टिपूने. तिथे कोणते विशेषण लावता?

रंकाळ्याकाठचा : पटवर्धनांचे पाप कोल्हापूरच्या पदरात घालू नका. परशुरामभाऊ १७९९ मध्ये कोल्हापूरकरांशी लढतानाच पडले. शृंगेरीला हवे ते विशेषण लावा, ‘निर्लज्ज’ लावा, माझी हरकत नाही. सुरतेवर मात्र एक अक्षरही खपवून घेणार नाही, आणि घाटावर बसून दोन्ही बाजूंना पाणी पाजण्याची आपली सवय इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

पंचगंगेचा घाट : उत्तर सुचले नाही की माणूस सवयींवर घसरतो. चालू द्या.

ठेवीदाराची मुलगी : तुम्ही तीनशे वर्षांपूर्वीच्या लुटीवर भांडता आहात, म्हणून आताच्या लुटीचे सांगते. वडिलांनी निवृत्तीचे सगळे पैसे एका पतसंस्थेत ठेवले. संस्था बुडाली, ठेव पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलेली आहे, आणि वडील दर दिवाळीला ती काढून तारीख वाचतात. त्या संस्थेचे अध्यक्ष जत्रेच्या फलकावर हात जोडून उभे असतात आणि नावाआधी ‘दानशूर’ छापलेले असते. त्यांच्या बंगल्याला ‘शापित’ म्हणणारा मला कोणी भेटला नाही. शाप लागल्याचे काही लक्षणही दिसत नाही. लेखकांनी चोरीच्या पैशाला भडक विशेषणे लावली की वाचकाला वाटते, असा पैसा लांबूनच ओळखू येत असेल. आमच्या गल्लीत तो वर्गणीच्या पहिल्या पावतीवर असतो.

शाहूपुरीकर : ताईंनी माझ्यापेक्षा नेमके सांगितले. सराफसाहेब, ‘लखलखती’ लुटारू पात्राच्या तोंडी खुशाल घाला, एवढी सवलत देतो. निवेदकाच्या तोंडी घालू नका. श्रीरंगपट्टण पडल्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने टिपूच्या सिंहासनाचे तुकडे करून ते बक्षिसाच्या वाटणीत घातले, त्यावरचे वाघाचे डोके आज विंडसरला आहे. इथे ‘तुकडे’ या नामापुढे कोणतेही विशेषण फिके पडते. शिवाय आपण भडक शब्द इतके उधळले आहेत की, २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल मिलानच्या मंचावर आणली तेव्हा त्यालाही ‘दिवसाढवळ्या दरोडा’ म्हणून मोकळे झालो. मग ठेवी बुडवणाऱ्याला काय म्हणायचे शिल्लक ठेवले?

गुजरीतला सराफ : चपलेचे श्रेय न देणे हाही दरोडाच होता, त्यावर वेगळे भांडू. सवलतीबद्दल आभारी आहे. आपली परवानगी नसती तर आम्ही गुजरीत लखलखाट बंद ठेवणार होतो.

रंकाळ्याकाठचा : मूळ पोस्ट लिहिणारे गृहस्थ अजून गप्प आहेत. सुरत त्या ओळीतून निघेपर्यंत मी इथून हलत नाही.