ऐत बेनहद्दू एका दिवसात: जमतं, पण वेळ विचारून घ्या

मोरोक्कोतल्या मराकेशहून गाइडेड टूरने ऐत बेनहद्दू हे जुनं तटबंदीचं गाव एका दिवसात करणं म्हणजे नुसती दगदग का, असा प्रश्न पडतो. दगदग आहेच. अंतर जेमतेम 180-190 किलोमीटर, पण अॅटलास पर्वतातल्या वळणांमुळे एका बाजूचे चार तास धरा. वाटेतली तिझी न तिश्का खिंड 2260 मीटरवर आहे (आपलं कळसूबाई 1646). गाडी लागत असेल तर पुढची सीट मागून घ्या. आमच्या मिनीबसमध्ये पिशव्या फिरल्या, जास्त सांगत नाही.

किल्ला म्हणून रायगड डोळ्यांसमोर ठेवून मात्र जाऊ नका. हा 'क्सार', म्हणजे तटबंदीतलं मातीचं गाव, सहारातून येणाऱ्या व्यापारी तांड्यांच्या वाटेवरचं. 1987 पासून जागतिक वारसा यादीत आहे. भिंतीला नाक लावून बघा, लिंपणात गवताच्या काड्या दिसतात. पाऊस ते धुऊन नेतो, त्यामुळे डागडुजी कायमचीच. बहुतेक कुटुंबं आता नदीपलीकडच्या नव्या गावात राहतात.

आमच्या गाइडने निम्मा वेळ सिनेमांच्या शूटिंगवरच घालवला. मी सरळ माथ्यावरच्या जुन्या धान्यकोठाराकडे सुटले. तिथून खाली ऊनिला नदीचं पात्र, कडेने हिरवी पट्टी आणि पलीकडे नुसता उजाड माळ.

बुकिंग करताना एवढंच विचारा: प्रत्यक्ष गावात किती वेळ? आमचा जेवणात आणि आर्गन तेलाच्या दुकानात त्याहून जास्त गेला.