जँगोची उदाहरण-अ‍ॅप्स सुधारायची तर सुरुवात कुठून करू?

घणसोलीकर: मंडळी, ऐरोलीत शनिवारी आम्ही काही जण पोरांना जँगो, म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क, शिकवतो. ऑफिशियल ट्युटोरियल, ते पोल्सवालं 8 भागांचं, छानच आहे, पण ते संपलं की पोरं नेटवरून एखादं तयार अ‍ॅप उचलतात आणि तिथेच अडकतात, परवा तर लॉगआउटवर क्लिक केलं की थेट 405 एरर (अशी रिक्वेस्ट इथे चालत नाही). मला हे सुधारायला मनापासून मदत करायचीय, पण कोडचा फार अनुभव नाही, चालेल का?

ठाणे वेस्ट: चालेल काय, धावेल! जँगो 5.0 पासून लॉगआउटला गेट रिक्वेस्ट (साध्या लिंकवर क्लिक केलं की जाते ती) चालत नाही, पोस्टच (फॉर्ममधून पाठवतात ती) लागते, म्हणजे साध्या लिंकच्या जागी छोटा फॉर्म आणि त्यात सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आलाय याची खूण). इशारा 4.1 लाच दिला होता पण जुन्या उदाहरणांना कोणी हातच लावला नाही. हाच बदल त्या उदाहरणाच्या रेपोत (कोड ठेवायची सामायिक जागा) पाठवा, आणि रीडमीत (सोबतच्या माहितीच्या फाइलीत) जँगोचं व्हर्जन लिहा, प्लीज, ते कोणीच लिहीत नाही.

वाशी: जँगोचं डॉक्युमेंटेशन कोडच्याच रेपोत असतं, टायपोसारख्या किरकोळ दुरुस्तीला तिकीट (आधी केलेली चुकीची नोंद) लागत नाही, थेट पुल रिक्वेस्ट (आपला बदल सामील करा अशी विनंती) टाका. पण माझं मत विचाराल तर आधी टेस्ट (कोड नीट चालतो का ते आपोआप तपासणारा छोटा कोड) लिहा, टेस्ट नसलेलं उदाहरण पुढच्या व्हर्जनला गुपचूप मोडतं.

घणसोलीकर: मस्त, फॉर्म पोरांकडूनच करून घेतो. पहिली टेस्ट कुठली लिहू?

वाशी: लॉगिन करा, लॉगआउटला पोस्ट मारा, रीडायरेक्ट यूआरएल (लॉगआउटनंतर जायचं पान) सेट असेल तर 302, म्हणजे दुसऱ्या पानावर पाठवणारा कोड, यायला हवा.