एरफुर्टचा आउगुस्टिनर मठ : पाहून आलेल्यांनी लिहावे

प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रणेता मार्टिन लूथर १७ जुलै १५०५ रोजी या मठात दाखल झाला. जर्मनीतल्या थुरिंगिया राज्याच्या या राजधानीत जाणाऱ्यांना उपयोगी पडेल असे इथे लिहा: पोहोचायचे कसे, आधी काय पाहायचे, फसगत कुठे होते.

*

नकाशात नुसते ‘आउगुस्टिनरक्लोस्टर’ टाकू नका. जवळच्या गोथा शहरातही त्याच नावाचा मठ आहे. एरफुर्टच्या मुख्य स्थानकावरून उत्तरेकडे जाणारी १ किंवा ५ नंबरची ट्राम घ्या. थांब्याला मठाचेच नाव आहे. चालत साधारण वीस-पंचवीस मिनिटे, वाटेत क्रेमरब्रुके हा घरांनी भरलेला पूलही पाहून होतो. जुन्या शहरात दगडगोट्यांची फरसबंदी आहे, चाकांची बॅग स्थानकावरच्या लॉकरमध्ये ठेवलेली बरी. डॉइचलांड-टिकिट (जर्मनीभर स्थानिक वाहतुकीला चालणारा मासिक पास) ट्रामला चालते, आयसीई या वेगवान लांब पल्ल्याच्या गाडीला नाही.

*

पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे मार्गदर्शकासोबतच्या फेरीची वेळ विचारणे. लूथरची कोठडी, म्हणजे मठातली त्याची राहण्याची खोली, फेरीतच दाखवतात, आणि बरेच जण चर्चमध्ये रेंगाळून ती वेळ चुकवतात. इंग्रजी फेरी हवी असेल तर आधी कळवा. कोठडी पुन्हा उभारलेली आहे, हेही माहीत असू द्या. रविवारी सकाळी उपासना असते, तेव्हा चर्चमध्ये फिरता येत नाही.

*

चर्चमधल्या मध्ययुगीन काचा मला या मठाचा प्राण वाटतात. त्या वेदीमागे पूर्वेला आहेत, म्हणून ऊन असलेली सकाळ निवडा. दुपारनंतर रंग मंदावतात. एका खिडकीत सिंह आणि पोपट, दुसरीत संत ऑगस्टीनचे चरित्र. चौकोन लहान आणि उंचावर, त्यामुळे छोटी दुर्बीण हवीच. वेदीसमोर जमिनीत योहानेस झाखारिए यांची समाधीशिळा आहे. कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेत चेक धर्मसुधारक यान हुसच्या विरोधात उभे राहिलेले हे पंडित. याच शिळेवर पालथे पडून लूथरने मठाची शपथ घेतली असे सांगतात. पायाखाली असल्याने ती नजरेतून सुटते.

*

ग्रंथालयाची जागाही चुकवू नका. २५ फेब्रुवारी १९४५ च्या हवाई हल्ल्यात जुनी इमारत कोसळली आणि तळघरात आसरा घेतलेली २६७ माणसे गेली. तिथे आज नवी इमारत आहे. मुलांना नेणार असाल तर आत शिरण्याआधीच हे सांगा.

*

मठात मुक्कामही करता येतो. खोल्या साध्या, टीव्ही नाही. परिषदांच्या दिवसांत त्या लवकर भरतात, म्हणून आरक्षण आधी आणि रेल्वेचे तिकीट नंतर.