मदत हवी आहे: रोहू, मरळ आणि शिंगाडा हे मासे गळाने धरायला कोणती लाइन घ्यावी? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

गरी टाकायचा नाद लहानपणापासूनचा. तेव्हा बांबूची काठी आणि मिळेल तो तंगूस, एवढ्यावर भागायचं. आता रॉड आणि तीन हजार साइझचं रीळ घेतलंय, आणि गाडी अडली आहे ती लाइनपाशी. दुकानात विचारलं की "वीस किलोची न्या, तुटत नाही" एवढंच ऐकायला मिळतं. ऑनलाइन बघावं तर मोनो, ब्रेड, फ्लोरोकार्बन, चार पदरी, आठ पदरी, पीई नंबर. डोकं गरगरतं.

माझं मासे धरणं तीन तऱ्हेचं आहे. कन्हानच्या काठी तरंगा लावून कणकेच्या गोळीवर रोहू आणि कतला. गावाकडच्या तलावावर (संस्थेची परवानगी घेऊन) इकॉर्नियाच्या (जलपर्णीच्या) कडेने रबरी बेडूक ओढत मरळ. आणि संध्याकाळी पुलाजवळच्या दगडांत, तळाला शिसं सोडून गांडुळावर शिंगाडा.

सध्या रिळावर ०.४० मिमीची साधी मोनो (एकेरी नायलॉन) आहे, सगळीकडे तीच. हलका तरंगा तिच्यावर लांब जात नाही, लाइनची वेटोळी होऊन रॉडच्या कड्यांत अडकतात. मरळ बेडकावर तुटून पडते, मी हिसका देतो, पण लाइन रबरासारखी ताणते आणि गळ रुततच नाही. शिंगाड्याच्या वेळी दगडाला घासून लाइन जाते.

दुसरं एक रीळ घ्यायची तयारी आहे, त्याहून जास्त नाही. दोन रिळांवर काय काय भरावं? आणि आपल्याकडच्या मे महिन्यात रीळ गाडीच्या डिक्कीत राहिलं तर लाइन कमजोर होते का? अनुभवी मंडळींनी जरा सविस्तर सांगावं.

प्रतिसाद

भाऊ, वीस किलो, तीस किलो हे नंतर बघू. मासा आमिष कसं घेतो आणि गळ लागल्यावर कुठे पळतो, यावर लाइन ठरते.

रोहूचे ओठ मऊ. तो गोळी चोखत चोखत घेतो आणि गळ लागला की लांब धाव मारतो. तिथे मोनोचं ताणणं तुमच्या फायद्याचं. धावेचा झटका लाइन पिते, ओठ फाटत नाही. ०.२८ ते ०.३० मिमी पुरे. तरंगाही लांब जाईल आणि वेटोळीही कमी होतील, कारण जाड मोनोच रिळाचा आकार जास्त धरून ठेवते. कतला वरच्या थरात चरतो, म्हणून त्याच्यासाठी तरंग्याखालची लाइन आखूड ठेवा. मृगळ हवा असेल तर गोळी पार तळाला जाऊ द्या.

मरळीचं सगळं उलटं. तोंड हाडाचं, कडक, आणि गळ लागला की ती सरळ झाडोऱ्यात घुसते. तिथे ब्रेडच पाहिजे. पॉलिएथिलीनच्या बारीक धाग्यांची ही वीण जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळे मनगटाचा हिसका थेट गळापर्यंत पोचतो. ती पाण्यावर तरंगते, म्हणून बेडूक वरच्या वर चालतो, आणि ओढताना इकॉर्नियाचे देठ कापत येते. ४० ते ५० पौंडाची घ्या, म्हणजे साधारण १८ ते २३ किलो. झाडोऱ्यात लीडर (मुख्य लाइन आणि गळ यांच्यामधला वेगळ्या लाइनचा तुकडा) लावू नका, थेट पालोमार गाठ (लाइन दुहेरी करून मारतात ती) मारा. पाणी उसळलं की लगेच हिसका नको. बेडूक दिसेनासा होऊन लाइन ताठ झाली की मगच द्या. ब्रेड गुळगुळीत असते, नुसती भरली तर स्पूलवर (रिळाच्या लाइन गुंडाळायच्या चकरीवर) गरगर फिरते. खाली थोडी मोनो गुंडाळून मग भरा.

एक विनंती. पावसाळ्यात पाण्यावर नारिंगी-लाल पिल्लांचा घोळका हवा घ्यायला वर आलेला दिसला, तर तिथे बेडूक टाकू नका. आईबाप खालीच राखण करत असतात आणि जवळ येईल त्यावर झडप घालतात. ती मरळ धरली की तो घोळका इतर माशांच्या तोंडी जातो.

आता शिंगाडा. ताणलेली ब्रेड दगडावर घासली की पटकन कातरते. दुसऱ्या रिळावरची ब्रेडच वापरा, पण पुढे मीटर-दीड मीटर ०.५० ची जाड मोनो लीडर म्हणून जोडा. म्हणजे दोन रिळांत तिन्ही कामं होतात: एकावर ०.३० मोनो, दुसऱ्यावर ब्रेड.

गाठ आवळण्याआधी थुंकी लावून ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने तापते आणि नायलॉन तिथेच मरतं. मासा सुटला की लाइनचं टोक बघा. डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सरकली, खरखरीत असेल तर दगडाने खाल्ली.

प्रतिसाद

वरच्या दादांशी सहमत. उन्हाचं उत्तर राहिलं, ते देतो. नायलॉनला अतिनील किरण आणि उष्णता दोन्ही सोसत नाहीत. रीळ घरात, अंधारात ठेवा. मोनो दर हंगामाला बदला, स्वस्त असते. जायच्या आधी पहिले दोन-तीन मीटर बोटांतून ओढून बघा, खरखर लागली की तेवढी कापून टाका.

ड्रॅगकडे (मासा जोरात ओढू लागला की लाइन सुटू देणारा रिळाचा ब्रेक) लक्ष द्या. लाइन जेवढ्या वजनाला तुटते त्याच्या पाव ते एक तृतीयांशावर ड्रॅग सुटायला हवा. सहा किलोची लाइन असेल तर दीड-दोन किलोवर. मासे तोलायच्या वजनकाट्याने ओढून बघता येतं. पाकिटावर छापलेल्या किलोंपेक्षा मिमीतली जाडी बघून घ्या. पीई नंबर हाही जाडीचाच हिशोब आहे, पीई १ म्हणजे ०.१६५ मिमी.

फ्लोरोकार्बनवर आत्ता पैसे घालू नका. त्याचा वक्रीभवनांक १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा दीडच्या वर, म्हणून ते पाण्यात कमी दिसतं हे खरं. पण गढूळ पाण्यात त्याचा काय उपयोग? हिवाळ्यात पाणी निवळलं आणि कतला बिचकायला लागला, तर गळापुढचा हातभर लीडर तेवढा त्याचा लावा.

तुटलेला तुकडा काठावर टाकू नका, ही हात जोडून विनंती. संक्रांतीला पक्ष्यांच्या पंखांचं काय होतं ते नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर बंदी घातली, आणि आपला तंगूसही नायलॉनच. गोळा करा, बारीक कापा, घरच्या कचऱ्यात टाका. तोतलाडोहच्या बाजूला जायचा विचार असेल तर सोडा, तिथे पेंच व्याघ्र प्रकल्पात मासेमारीला बंदी आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मरळीच्या पिल्लांचं माहीतच नव्हतं, बरोबरच्या पोरांनाही सांगतो. शेवटचं एक: ब्रेडला ०.५० मोनो जोडायला कोणती गाठ? साधी गाठ मारली तर ब्रेड निसटून येईल असं वाटतं.

प्रतिसाद

येईलच. डबल युनी मारा. दोन्ही टोकं समोरासमोर ठेवून एकमेकांवर युनी गाठ (टोकाचा फास करून त्यातून वेढे देतात ती) घाला. मोनोचे चार-पाच वेढे पुरतात, ब्रेडचे आठ तरी द्या, ती निसरडी आहे. दोन्ही गाठी आधी अर्धवट आवळा, ओल्या करा, मग मुख्य लाइन ओढून त्या एकमेकींना भिडवा आणि शेवटी पक्क्या करा. मोनोचं टोक अगदी गाठीपाशी कापा, नाहीतर फेकताना कड्यात अडकतं. ब्रेडचं मात्र दोन-तीन मिमी राहू द्या. घरी दाराच्या कडीला गळ अडकवून जोरात ओढून बघा, तिथे टिकली तरच नदीवर न्या.